ऐकून प्रमाणित केले

परवा एका सरकारी कचेरीतून माझ्या पत्राला उत्तर आले. उत्तर म्हणजे एक छापील कार्ड. ‘आपला अर्ज मिळाला. योग्य त्या कार्यवाहीसाठी योग्य त्या विभागाकडे पाठविला आहे.’ विभाग कोणता, कार्यवाही कोणती आणि ती योग्य असल्याचे ठरविले कोणी, याचा पत्ता नाही. सरकारशी पत्रव्यवहार करण्यात माझी हयात गेली आहे. त्या कार्डाला मी त्याच संध्याकाळी सविस्तर उत्तर लिहिले. त्यात कलमे दिली, दाखले दिले आणि शेवटी, ‘माझे म्हणणे समक्ष ऐकून घ्यावे,’ अशी मागणी केली. ती मागणी लिहिताना लेखणी अडखळली. ज्याच्यापुढे ही मागणी कोणालाही कधी करावी लागली नाही असा अधिकारी मी एकच पाहिला. आणि त्याच्याशीही त्या काळी मी भांडलोच होतो.

रामसहाय पटेरिया त्यांचे नाव. वाशीमला ते नायब तहसीलदार होते. त्या वेळी वाशीम हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता आणि आमचा सगळा वऱ्हाड मध्य प्रदेशात होता. त्यामुळे सागर-दमोहकडचे हिंदी अधिकारी इकडे बदलून येत. पटेरिया दमोहकडचे. उंच, खांद्यात जरा वाकलेले, अंगात बंद गळ्याचा कोट आणि उजव्या कानात अत्तराचा फाया, म्हणजे अत्तरात भिजविलेला कापसाचा बोळा. मराठी त्यांना चांगली कळे. बोलत मात्र हिंदी.

अत्तराचा फाया त्या काळी पुष्कळ लोक कानात ठेवीत. त्यात नवल नव्हते. पण पटेरियासाहेबांचा फाया हा कचेरीचा एक भाग होता. एखादा माणूस समोर येऊन आपली हकिगत सांगू लागला की साहेब दोन बोटांनी फाया काढीत आणि दौतीच्या झाकणावर ठेवीत. हकिगत संपली की फाया पुन्हा कानात. कचेरीपुढच्या लिंबाखाली ताटकळलेले पक्षकार पुकाऱ्याची वाट पाहत नसत, ते उस्मान चपराशाला विचारीत, “फाया निघाला काय, उस्मानभाई?” आणि उस्मान दारातून आत डोकावून ओरडे, “निघाला, निघाला! चला, तोंडातला विडा थुंका अन् या!”

त्यांचा नियम असा होता की, ऐकल्याशिवाय सही नाही. मग तो तगाई कर्जाचा अर्ज असो की झाड तोडण्याच्या परवानगीचा. मी पहिल्यांदा त्यांच्यापुढे गेलो तो एक मुद्देसूद, परिच्छेदांना क्रमांक दिलेला अर्ज घेऊन. त्यांनी तो आदराने घेतला आणि पालथा घालून बाजूला ठेवला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“साहेब, अर्ज वाचणे हे आपले कर्तव्य आहे,” मी म्हणालो.

“पढ़ूँगा। ज़रूर पढ़ूँगा, वकील साहब। पहले सुनाइए।”

“सर्व काही त्यात नमूद आहे.”

“तो फिर सुनाने में क्या हर्ज है?” असे म्हणून त्यांनी फाया काढला.

मी वकील नव्हतो. बाजारचौकातल्या वाचनालयाचा चिटणीस होतो आणि कायद्याची पुस्तके वाचण्याची मला खोड होती, एवढेच. पण त्या दिवसापासून त्यांनी मला वकील साहब म्हणण्यात खंड पाडला नाही, आणि त्यात थट्टा किती व आदर किती हे मला शेवटपर्यंत ठरविता आले नाही.

मध्ये बोलून कोणाला तोडायचे नाही, ही त्यांची दुसरी सवय. माणूस बोलायचा थांबला की ते क्षणभर गप्प राहत आणि मग एकच शब्द विचारीत, “और?” या एका शब्दाने मी भल्याभल्यांना घाम फुटलेला पाहिला आहे. एक शेतकरी शेजाऱ्याच्या अतिक्रमणाची तक्रार घेऊन आला होता. धुरा म्हणजे शेताचा बांध कोरला, बाभूळ तोडली, पाणी अडविले, असे सगळे सांगून झाले. “और?” म्हातारा घुटमळला. शिव्या देऊन झाल्या. “और?” शेवटी तो खाली पाहून म्हणाला, “पोरीच्या लग्नात आला नाई नं साहेब तो. घरापुढून गेला, पण आत आला नाई.” पटेरियांनी शेजाऱ्याला बोलावून घेतले. धुऱ्याची मोजणी कायद्याप्रमाणे झालीच. पण त्याआधी ते दोघे कचेरीच्या ओट्यावर एकाच चिलमीला लागलेले मी पाहिले.

आणखी एक प्रसंग सांगतो. शिरपूर जैनच्या एका बँडवाल्याने वाशीमात वरात वाजविण्याची परवानगी मागितली. वरातीच्या वाटेवर दवाखाना होता, म्हणून हरकत आली. पटेरियांनी कागद बाजूला ठेवला आणि हुकूम दिला, “बजाइए।” कचेरीच्या आवारात ढोल, क्लॅरिनेट, झांजा, सगळा ताफा सुरू झाला. शेजारी मुन्सिफ कोर्टाचे काम चालू होते. मुन्सिफसाहेबांचा बेलिफ धावतच निषेधाची चिठ्ठी घेऊन आला. पटेरियांनी ती वाचली आणि समाधानाने मान हलविली.

“यही तो सुनना था। मुन्सिफ साहब को वहाँ सुनाई दिया, तो मरीज़ को भी सुनाई देगा। दवाख़ाने के सामने सिर्फ़ क्लॅरिनेट। ढोल बंद।”

“ढोलाबिगर लोकायचे पाय कसे उचलतीन, साहेब?” बँडवाला काकुळतीला आला.

“धीरे-धीरे उठेंगे,” साहेब म्हणाले. “दवाख़ाना है।”

आता मूळ प्रकरणाकडे येतो.

आमच्या वाचनालयाने लोकवर्गणीतून एक रेडिओ घेतला होता. तो मोटारीच्या बॅटरीवर चाले. त्याला जोडून आम्ही बाजाराच्या तीन कोपऱ्यांवर भोंगे बसविले. नागपूर स्टेशनच्या मराठी आणि हिंदी बातम्या झाल्या, दिल्लीच्या उर्दू बातम्या झाल्या की मधल्या वेळात आमचा स्वतःचा मायक्रोफोन चाले. मराठीतून कापसाचा भाव आणि हरवलेली जनावरे. उर्दूतून मनियार, पिंजारी, अत्तार मंडळींच्या गल्लीतले लग्न, मयत, जलसा. आणि आठवडी बाजाराच्या दिवशी गोरमाटीतून तांड्यांचे निरोप. गोरमाटी म्हणजे बंजाऱ्यांची बोली. आसपासच्या तांड्यांवरची माणसे त्या दिवशी बाजाराला येत. त्यांची निम्मी माणसे कामासाठी दूर गेलेली असत. कोणी कापसाच्या जिनात, कोणी सडकेवर, कोणी ऊसतोडीला. पत्र लिहिणारा नाही, वाचणारा नाही. त्यांचे निरोप गोळा करून सोमलीबाई नावाची एक प्रौढ बंजारा बाई भोंग्यावरून सांगे. तिचा आवाज असा खणखणीत की बॅटरी उतरली तरी काम चालले असते. लोक कौतुकाने आमच्या या खटाटोपाला ‘वाशीम टेशन’ म्हणत.

कायदा मात्र कौतुकाने चालत नाही आणि चालूही नये, असे माझे मत आहे. रेडिओ बाळगण्याचा परवाना पोस्टातून दरवर्षी घ्यावा लागे. तो आमच्याकडे होता. सार्वजनिक ठिकाणी ऐकविण्याचा परवाना निराळा, तोही होता. राहिला भोंग्यावरून स्वतःचा मजकूर बोलण्याचा. तो तहसिलीतून मिळे, आणि त्यात एक अट होती की, प्रत्येक भाषेतील मजकूर आगाऊ सादर करून परवाना अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घ्यावा. मराठी, हिंदी, उर्दूचे कागद उस्मानच्या हाती जात आणि सही होऊन येत. पटेरियासाहेब त्यांचेही वाचन करवून घेत, हे सांगावयास नकोच. गोरमाटीचा कागदच नव्हता. सोमलीबाई तोंडाने निरोप घेई आणि तोंडाने देई. आधीच्या अधिकाऱ्यांनी तिकडे काणाडोळा केला होता.

एक दिवस वरच्या कचेरीतून एका निनावी अर्जाची नक्कल आली. अर्जदाराने लिहिले होते की, गोरमाटीचे बोलणे संपताच बाजारातले बंजारे एकदम उठून चोहीकडे पांगतात; सबब ही बाई भोंग्यावरून अबकारी पथकाची खबर फोडते आणि हातभट्टीवाल्यांस सावध करते. आमच्याकडे तेव्हा दारूबंदी होती. बंजाऱ्यांवर असा आळ घालायला कोणाला पुरावा लागत नसे. वरचा हुकूम स्पष्ट होता. चौकशी करावी, मजकूर प्रमाणित करता येत नसल्यास गोरमाटी बंद करावी, आणि वाचनालयाने न ऐकल्यास परवानाच रद्द करावा.

आमच्या मंडळातले काहीजण म्हणाले, गोरमाटी सोडून द्या, बाकीचे टेशन वाचवा. मी संतापलो. निनावी अर्जाची दखल घेणे हेच मुळात बेकायदा आहे असे मी कळविले, आणि त्या पत्राची पोचदेखील आली नाही. मग मी सोमलीबाईला घेऊन पटेरियांकडे गेलो.

“बाई, आप जो बोलेंगी वह पहले मुझे लिखकर दे सकती हैं?” त्यांनी विचारले.

“मले लिवता नाई येत, साहेब. अन् लिवलं तरी वाचन कोण? आमच्या बोलीले अक्षर कुठं हाय?” ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. “तुमी बँडवाल्याले ऐकलं म्हणते. मंग मले काहून नाई ऐकत?”

उस्मानने दारात जीभ चावली. पटेरियांनी फाया काढला.

चौकशी त्यांनी बाजाराच्या दिवशी ठेवली. पद्धत त्यांनीच ठरविली, आणि पुराव्याच्या दृष्टीने ती निर्दोष होती असे मी आजही म्हणेन. बाजारातून वेगवेगळ्या तांड्यांवरची मिळतील ती माणसे बोलावून लिंबाखाली बसविली. सोमलीबाईने भोंग्यावर बोलायचा त्या दिवसाचा मजकूर आधी कोणालाही न सांगता तिथे सगळ्यांसमोर बोलायचा. मग एकेकाने आत येऊन, काय ऐकले ते मराठीत पेशकाराला, म्हणजे साहेबांच्या कारकुनाला, सांगायचे. दहा तोंडांतून एकच अर्थ निघाला तर मजकूर तोच.

सोमलीबाई बोलू लागली. पटेरिया डोळे मिटून ऐकत होते. त्यांना एक शब्द कळत नव्हता, पण कान असा लावला होता की जणू निकाल त्यांच्याविरुद्ध लागणार होता. बाई थांबली. आणि काय व्हावे? लिंबाखालचा एक म्हातारा काठी घेऊन उठला आणि सरळ फाटकाकडे चालू लागला. त्याच्यामागून दोघीजणींनी टोपल्या उचलल्या. बघता बघता सगळेच उठले. निनावी अर्जातले वाक्य आमच्या डोळ्यांदेखत खरे होत होते.

पेशकार ओरडला, “ए बाबा! अरे बयान व्हाचं हाय अजून! कुठं चालला?”

“निरोप पोचवतो अन् येतो,” म्हातारा मागे न बघता म्हणाला.

“कोणाचा निरोप?”

आता मात्र तो थांबला. एवढेही कसे कळत नाही या चेहऱ्याने त्याने पेशकाराकडे पाहिले. “आता बाई बोलली नाई काय? रामजीच्या पोरीले पोरगा झाला म्हणून. रामजी तिकडं बैलाच्या बाजारात बसला हाय, तिथं भोंगा ऐकू जात नाई. मी ऐकलं, मंग मलेच सांगा लागते नं त्याले?”

“अन् आमचा निरोप इंझोरीकडच्या तांड्याचा हाय,” टोपलीवाली म्हणाली. “त्यायची बैलबंडी निघून गेली का मंग पुढच्या बाजारापरेंत बसा बोंबलत!”

पटेरियासाहेबांनी डोळे उघडले. ते मोठ्याने हसले. त्यांना तसे हसताना मी त्यापूर्वी पाहिले नव्हते.

“जाइए, जाइए। पहुँचाकर आइए। हम बैठे हैं।”

पेशकार कुरकुरला की साक्षीदार असे सोडता येत नाहीत. खरे सांगायचे तर कायद्याने तोच बरोबर होता. पण साहेब तिथेच बसून राहिले, फाया झाकणावर ठेवून. माणसे एकेक करून परतली. प्रत्येकाने ऐकलेले सांगितले, आणि शब्दांचा फरक सोडता सगळ्यांचे सांगणे जुळले. एक बाळंतपण, एक आजारपण, ऊसतोडीवरच्या टोळीचे परतणे, हरवलेल्या म्हशीची खूण. म्हातारा सगळ्यांत शेवटी आला. त्याच्या तोंडात गूळ होता आणि मुठीतही. “रामजीनं देला,” म्हणून त्याने मूठ साहेबांपुढे उघडली. साहेबांनी खडा घेऊन तोंडात टाकला आणि मग पेशकाराला मजकूर सांगितला. तो मला पाठ आहे: ‘मजकूर समक्ष ऐकला. ऐकणाऱ्यांस कळलेला अर्थ स्वतंत्रपणे पडताळला. ऐकून प्रमाणित केले.’

त्यानंतर दर बाजाराच्या सकाळी सोमलीबाई कचेरीत जाई, ओट्यावर उभी राहून आठवड्याचे निरोप बोले, तिच्याबरोबर आलेले कोणी त्यांचा अर्थ सांगे, आणि साहेब सही करीत.

वरच्या कचेरीला हे मानवले नाही. लेखी मजकूर कोठे आहे? ज्या अधिकाऱ्यास भाषा येत नाही त्याने तो प्रमाणित कसा केला? सात दिवसांत खुलासा करावा. पटेरियांची तहसीलदारी त्या सुमारास पक्की समजली जात होती, आणि हा खुलासा नीट गेला नाही तर ती जाणार हे कचेरीच्या शिपायालाही माहीत होते. मी रात्रंदिवस खपून त्यांच्यासाठी खुलाशाचा मसुदा तयार केला. नियमात ‘सादर’ असे आहे, ‘लेखी सादर’ असे नाही. हा मुद्दा मी असा काही मांडला होता की वरच्यांना पळता भुई थोडी झाली असती. शेवटच्या पानावर साहेबांच्या दीर्घ सेवेचाही उल्लेख केला होता आणि सदरहू चूक सद्‌हेतूने झाली असल्यास क्षमा असावी, असे सुचविले होते.

त्यांनी तो मला मोठ्याने वाचायला लावला. मी वाचला.

“बहुत मज़बूत है, वकील साहब। पर चूक कौन-सी?”

“ती केवळ एक पळवाट आहे, साहेब.”

“हाँ। पर मुझे भागना कहाँ है?”

त्यांनी खुलासा स्वतः लिहिला. तो एका ओळीचा होता: ‘मुझे वह भाषा नहीं आती, इसलिए मैंने अधिक ध्यान से सुना।’

मी त्यांच्याशी कडाक्याने भांडलो. ही ओळ म्हणजे बचाव नव्हे, कबुली आहे, असे सांगितले. “और?” त्यांनी विचारले. मी मसुद्याची पाने गोळा केली.

तहसीलदारीचा हुकूम दुसऱ्याच्या नावाने निघाला. त्यात काही म्हटलेले नव्हते, असल्या हुकमांत काही म्हटलेले नसतेच. पण गंमत अशी की त्यांचे प्रमाणपत्र रद्द करण्याचा हुकूमही कोणी काढला नाही. तेवढ्या फटीतून पटेरियांनी आमच्या नव्या परवान्यात एक कलम घातले की, ज्या बोलीस लिपी नाही तिचा मजकूर परवाना अधिकाऱ्याने समक्ष ऐकून प्रमाणित करावा. ते कलम त्यांनी मला कायद्याच्या भाषेत नीट बसवून मागितले. माझ्या साऱ्या पत्रव्यवहारात एवढे उपयोगी वाक्य मी दुसरे लिहिलेले नाही.

पुढे राज्यांची नव्याने आखणी झाली. वऱ्हाड मुंबई राज्यात गेला आणि हिंदी अधिकारी आपापल्या मुलखात परतू लागले. पटेरियांच्या जागी मागाहून जे साहेब आले, त्यांनी ते कलम वाचून कपाळाला हात लावला. मी त्यांना परवान्याची मुदत आणि त्यांचे कर्तव्य, दोन्हींची लेखी आठवण करून दिली. पहिल्या बाजारी ते घड्याळाकडे बघत ऐकत होते. पुढे एकदा सोमलीबाईची वाट पाहताना तेच उस्मानला म्हणाले, “त्या रामजीच्या धाकट्या नातवाचं नाव काय ठेवलं, कळलं का रे?” गोरमाटी बंद पडली नाही. वाचनालयाचा रेडिओ कायमचा बिघडेपर्यंत ती चालू राहिली.

पटेरिया वाशीम सोडून गेले तो बाजाराचाच दिवस होता. कारभार त्यांनी सकाळी सोपविला होता. नवे साहेब अजून यायचे होते. म्हणजे त्या दिवशी वाशीमात गोरमाटीचा मजकूर प्रमाणित करणारा अधिकारीच नव्हता, आणि म्हणून त्या दिवशी गोरमाटी होणार नाही असे मी वाचनालयात बजावून ठेवले होते. मग मी मोटार स्टँडवर गेलो. साहेबांचा एक ट्रंक, एक होल्डॉल. उस्मान सामान टपावर चढवीत होता आणि रडू येऊ नये म्हणून हमालावर ओरडत होता. साहेब खिडकीशी बसले. माझी पत्रे यापुढे कोण ऐकून घेणार, असे काहीतरी मी म्हणालो असेन.

इतक्यात कोपऱ्यावरचा भोंगा खरखरला आणि सोमलीबाईचा आवाज आला. गोरमाटीत.

मी चपापलो. हा परवान्याचा उघड भंग होता. मी भोंग्यापाशी असतो तर तिला बोलू दिले नसते. साहेबांनी मात्र फाया काढला. समोर ठेवायला दौतीचे झाकण नव्हते, म्हणून तो मुठीत धरून ते ऐकत राहिले. बोलणे अगदी थोडे होते.

ते संपले आणि स्टँडवरची, बाजारातली, बैलबंड्यांच्या रांगेतली बंजारा माणसे उठली. पण या वेळी ती चोहीकडे पांगली नाहीत. सगळी साहेबांच्या मोटारीकडे येऊ लागली.

पहिला तोच म्हातारा होता. खिडकीशी येऊन तो म्हणाला, “साहेब, तुमच्यासाठी निरोप हाय. सोमलीबाई म्हणते, गावी सुखरूप पोचले का खबर धाडा.”

“मिल गया, बाबा।”

तो बाजूला झाला तर मागे टोपलीवाली. “साहेब, निरोप हाय तुमचा. गावी पोचले का खबर धाडजा म्हणते बाई.” तिच्यामागे एक तरणा गडी, त्याच्यामागे आणखी दोघे. ज्याने ऐकले त्याने पोचवायचे. दुसऱ्याने पोचविला म्हणून आपण मोकळे, असा हिशेब त्यांच्यात नव्हता. ड्रायव्हरने हॉर्न वाजविला.

“साब, चलूँ क्या? अकोल्याला उशीर होऊन राह्यला!”

“रुकिए,” पटेरिया म्हणाले. “अभी सुन रहा हूँ।”

आणि ते ऐकत राहिले. कोणालाही त्यांनी ‘मालूम है’ म्हणून अर्ध्यावर तोडले नाही. प्रत्येकाचा निरोप, तोच निरोप, त्यांनी पहिल्यानेच ऐकत असल्यासारखा शेवटपर्यंत ऐकला, आणि प्रत्येकाला सांगितले, “मिल गया।”

मग मोटार सुटली. अकोल्याच्या रस्त्याला वळताना त्यांचा हात खिडकीच्या काठावर दिसला. मूठ मिटलेली होती. फाया त्यांनी अजून कानात घातला नव्हता.